मशीन वेगळी, माणसे वेगळी : वालूरकरांना एक खुले पत्र

प्रति,
मा. सरपंच व सर्व सदस्य, ग्रामपंचायत वालूर,
आणि बारवेच्या कामाला टोपली-पहार घेऊन येणारी सगळी मंडळी,
वालूर, ता. सेलू, जि. परभणी.



पाऊस सरतो, सोयाबीनची रास घरात येते आणि मग गावाचे लक्ष बारवेकडे वळते. तोवर काठावर कमरेइतके गवत माजलेले असते. रुई, घाणेरी, गाजर गवत आणि मधूनच वेडी बाभूळही उभी राहिलेली असते. महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावायचे तर त्याआधी हे सगळे काढायला हवे. पूर्वी विळे-कोयते घेऊन या कामात दिवसच्या दिवस जायचे. आता कुणाच्या तरी शेतावरून ब्रश कटर येतो. पट्टा खांद्याला अडकवला, दोरी ओढली, की दिवसाचे काम तासाभरावर येते.

हे पत्र त्या मशीनबद्दल आहे. मशीन वापरू नका, असे माझे म्हणणे नाही. जरूर वापरा. विळ्याने गवत कापायला माणसे मिळत नाहीत, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाला वेगळे सांगायला नको. मात्र मशीन बारवेवर आणण्याआधी ग्रामसभेत ती कशी चालवायची याचा एक ठराव करा, एवढीच विनंती आहे. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा त्यासाठी अगदी वेळेवर येते.

ही विनंती वालूरलाच का? चक्राकार फिरत पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांची तुमची बारव आज राज्यभर ओळखली जाते. टपाल खात्याने महाराष्ट्रातल्या बारवांची चित्र-पोस्टकार्डे काढली, त्यांत तिला जागा मिळाली. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेमुळे ठिकठिकाणची तरुण मुले गाळात गेलेल्या बारवा शोधू लागली. त्या सगळ्यांना दाखवायला जी उदाहरणे आहेत, त्यांत गावाने श्रमदानातून मोकळी केलेली वालूरची बारव आहे. पिंगळी, चारठाणा इथल्या बारवाही आपल्याच जिल्ह्यातल्या. तुम्ही जे कराल ते उद्या दुसरी गावे करतील. तुम्ही उघड्या पायाने मशीन चालवलीत तर तेही तसेच चालवतील.

आता मुद्द्यावर येतो.

श्रमदानाला शंभर माणसे एकत्र येतात. खांद्याला खांदा लावून काम होते, म्हाताऱ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांचा हात लागतो, आणि त्यातच त्याची गोडी असते. ब्रश कटरचे काम याच्या नेमके उलटे आहे. त्या मशीनला आपल्या आसपास एकही माणूस चालत नाही. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत 15 मीटर, म्हणजे सुमारे 50 फूट, हे अंतर छापलेले असते. चालवणाऱ्याभोवती चारही बाजूंनी एवढ्या अंतरात माणूस नको, जनावर नको, उभी मोटारसायकलही नको. दांडगा माणूस चालला तर साधारण वीस पावले. श्रमदानाच्या दिवशी प्रत्यक्षात काय होते? एक जण मशीन चालवतो, चार हातांवर दुसरा कापलेले गवत ओढतो, पोरे गंमत बघत उभी राहतात आणि मोबाइलवर व्हिडिओ काढणारा बरोबर पात्याच्या समोर गुडघे टेकून बसतो. सगळ्यात वाईट जागा त्याने निवडलेली असते.

एवढे अंतर कशासाठी, याचा हिशेब कुणालाही करता येईल. ब्रश कटरला लावतात ते पाते साधारण 10 इंची असते. ते मिनिटाला 7,000 फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग ताशी 330 किलोमीटरच्या वर जातो. गवतात दडलेला खडा त्या कडेला लागला की गोफणीतून सुटल्यासारखा जातो, आणि कोणत्या दिशेला जाईल हे चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही. चालवणाऱ्याच्या तोंडावर निदान जाळी असते. पंधरा फुटांवर उभ्या असलेल्या पोराच्या डोळ्यापुढे काहीच नसते. म्हणून या मशीनच्या सुरक्षिततेचा विचार चालवणाऱ्यापासून नाही, बघणाऱ्यांपासून सुरू करावा लागतो.

उपाय सोपा आहे आणि त्याला पैसा लागत नाही. मशीनची वेळ आणि माणसांची वेळ वेगळी करा. श्रमदान रविवारी असेल तर मशीनचे काम शनिवारी सकाळीच उरकून घ्या. त्या वेळी जागेवर तीनच माणसे असावीत: एक चालवणारा, एक त्याच्या बदलीचा आणि एक राखणदार. राखणदाराने चुन्याच्या फक्कीने हद्द आखायची आणि आत कोणी येऊ लागले की मशीन बंद करवायची. कानावर मफ असलेल्याला हाक ऐकू येत नाही, म्हणून खूण आधीच ठरवून ठेवा. चालवणाऱ्याच्या पाठीमागून कधीही जायचे नाही. त्याने दचकून वळायचा अवकाश, की पातेही त्याच्याबरोबर वळते. समोरून, लांबूनच हात वर करायचा. इंजिन बंद झाले, पाते थांबले, की मगच जवळ जायचे. इंजिन बंद केल्यावरही पाते काही क्षण फिरत राहते, हेही ध्यानात असू द्या.

मशीन सुरू करण्याआधी जागा पायाखालून घालायला हवी. बारवेच्या काठी काय काय पडलेले असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे: नवसाच्या कापडाच्या चिंध्या, फुटक्या पणत्या, नारळाच्या करवंट्या, दारूच्या बाटल्या, कुणीतरी कुंपण हलवले तेव्हा राहिलेली काटेरी तार. तार पात्याला गुंडाळली गेली तर तिचा तुटका तुकडा खड्यापेक्षा वाईट लागतो. गवतात अर्धी बुडालेली वीरगळ किंवा कोरीव दगड असतो, त्याच्यावर पाते बसले तर शेकडो वर्षांचे काम क्षणात टवका उडून जाते. म्हणून आधी काठीने गवत बाजूला सारत सगळीकडे फिरा. दगड आणि कोरीव शिळा दिसतील तिथे काठीला लाल कापड बांधून रोवा. बारवेची कड कुठे संपते, तिथेही तशाच काठ्या रोवा. गवताने कड झाकली की मागे मागे सरणाऱ्या माणसाला खाली किती खोल आहे ते कळत नाही.

काठीने गवत झोडपण्याचे आणखी एक कारण आहे. चिऱ्यांच्या फटी, थंडावा आणि उंदीर, म्हणजे सापांना आवडणारी जागा. घोणस, नाग, मण्यार, फुरसे ही नावे कुणालाच नवी नाहीत. आवाज आणि हादरे लागले तर बहुतेक साप निघून जातात, त्यांना तेवढा वेळ आणि वाट द्या. साप दिसलाच तर सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर जखम कापणे, चोखणे, वर दोरी आवळणे यांत वेळ घालवू नका. त्या माणसाला हलू देऊ नका आणि 108 ला फोन लावा. चौथरे, कमानी आणि कोनाडे यांच्या खालच्या बाजूलाही एकदा नजर टाका. आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी मशीन परत पाठवा. इंजिनाचा आवाज आणि धूर यांनी माश्या उठल्या तर बारवेच्या पायऱ्यांवरून कुणालाही वेगाने पळता येत नाही.

आता पात्याविषयी. दुकानदार मशीनबरोबर दोन-तीन प्रकारची पाती देतो आणि बहुतेक जण सगळे काम एकाच पात्याने रेटतात. नायलॉनच्या दोरीचे डोके हिरव्या गवतासाठी असते. दगडाजवळ जायचे असेल तर तेच त्यातल्या त्यात बरे, कारण दोरी झिजते, तुटते, पण पात्यासारखी अडकून उसळत नाही. तीन दातांचे पाते जून गवत, रुई, घाणेरी अशा अंगठ्याएवढ्या जाडीच्या झुडपांना. ऐंशी दातांचे गोल पाते लाकडी खोडांसाठी, तेही बारीक खोडांसाठी. मनगटाएवढी बाभूळ दिसली की मशीन खाली ठेवून कुऱ्हाड उचलावी. त्यात वेळ जातो, पण हात जात नाही.

या पात्यांचा एक स्वभाव चालवणाऱ्याने अंगात मुरवायला हवा. पाते म्हणजे समोर आडवे ठेवलेले घड्याळ समजा, बारा समोर आणि तीन उजवीकडे. बहुतेक मशीनमध्ये पाते वरून पाहिले तर डावीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. बारा ते तीनच्या भागात जाड खोड किंवा दगड लागला की पाते त्यावर चढते आणि अख्खी मशीन झटक्याने उजवीकडे फेकली जाते. ती कितीही घट्ट धरली तरी त्या क्षणी धरून ठेवता येत नाही. म्हणून खोडाला नेहमी डाव्या अंगाने भिडायचे, साधारण आठ ते अकराच्या भागाने, आणि मशीन उजवीकडून डावीकडे फिरवायची. कापलेले गवत डावीकडे पडते, उजवी बाजू मोकळी राहते. नव्या माणसाला हे मोकळ्या माळावर, लांब गवतात, एकट्याला शिकवा. बारवेच्या काठावर शिकवू नका.

आपल्याकडचे काही जुगाडही इथे सांगितले पाहिजेत, कारण अपघात अनेकदा त्यांतून होतात. नायलॉनची दोरी लवकर संपते म्हणून तिच्या जागी मोटारसायकलची क्लच वायर किंवा बाइंडिंगची तार घालतात. तारेचा तुटलेला धागा कपड्यातून आरपार जातो. गवत अडकते म्हणून पात्यावरचे संरक्षक कव्हर काढून ठेवतात. ते कव्हर नेमके तुमच्या नडगीसाठी असते. चीर गेलेले पाते गॅस वेल्डिंग मारून पुन्हा चढवतात. चिरलेले पाते भंगारातच द्यायचे. काही जण साखळ्या लावलेले डोकेही विकत घेतात, जाड झुडपे झटपट साफ होतात म्हणून. अशा डोक्याची कडी सुटून ब्रिटनमध्ये एक मृत्यू झाला, त्यानंतर युरोपीय आयोगाने जानेवारी 2012 मध्ये ब्रश कटरसाठीची ती साखळीची डोकी बाजारात विकायलाच बंदी घातली. आपल्याकडे ती मिळत असतील तर ती न घेणे आपल्या हातात आहे. पाते बदलताना आधी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढा. बहुतेक मशीनमध्ये पात्याच्या नटला उलटे आटे असतात, तो नट घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. उलट फिरवून जोर लावाल तर पान्हा निसटून हात पात्यावर जाईल.

मशीन पाठीवर घ्यायची की बाजूला लटकवायची, हाही प्रश्न विचारला जातो. पाठीवरच्या मशीनची नळी लवचीक असते. कामाचा ताण कमी वाटतो, पण पाते पायाकडे वळू शकते. धातूचे पाते लावायचे असेल तर दोन मुठींचा दांडा असलेली, पट्ट्याने बाजूला अडकवायची मशीन बरी. दांडाच पाते पायापासून लांब ठेवतो. पट्टा नीट लावून घ्या, अडचणीच्या वेळी एका झटक्यात कसा सोडायचा हे चालवणाऱ्याने सुरुवातीलाच दोन-तीनदा करून पाहावे. आणखी एक साधी चाचणी: मशीन सुरू करून ॲक्सिलरेटर सोडा. पाते तरीही फिरत असेल तर ती मशीन त्या दिवशी वापरू नका, मेकॅनिककडे न्या.

कपड्यांबाबत गावात थट्टा होईल, होऊ द्या. धोतर, लुंगी, गळ्यातले उपरणे, सैल गमछा, यांतले काहीही मशीनजवळ नको. जाड पॅन्ट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पुढून कडक असलेले बूट हवेत. चपलेवर हे काम नाही. डोक्याला हेल्मेट, तोंडापुढे जाळी आणि जाळीच्या आत चष्मा. नुसती जाळी पुरत नाही, याचे कारण काठावरची रुई. रुईचा चीक डोळ्यात गेला की बुबुळाला इजा होते आणि दिसायला धूसर होते. कोयत्याने रुई तोडली तर चीक बोटांवर येतो. मशीनने तोडली तर त्याचे तुषार तोंडावर येतात. खाजकुयलीच्या शेंगा असतील तर त्यांची कुसे हवेत उधळतात. गाजर गवत फुलावर आले असेल तर ज्यांना त्याचा त्रास आहे त्यांना अंगावर चट्टे येतात, दम लागतो. गाजर गवत फुलण्याआधी उपटणेच बरे. इंजिनाचा आवाज कानाजवळ 95 ते 100 डेसिबलच्या घरात जातो. दिवसभराच्या कामासाठी 85 डेसिबलच्या पुढे धोका मानतात, म्हणून कानावर मफ लागतोच. अर्ध्या तासाने चालवणारा बदला. बोटे बधिर व्हायला लागली की मशीन थांबवायची.

पेट्रोलबद्दल थोडक्यात. टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. कंपनीने 50:1 सांगितले असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 सांगितले असेल तर 40 मिली. फोर-स्ट्रोकला ऑइल वेगळे. मिश्रण पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका. श्रमदानात तहानलेला माणूस हाताला लागेल ती बाटली तोंडाला लावतो. टाकी भरताना इंजिन थंड हवे, बिडी-सिगारेट लांब हवी, आणि जिथे टाकी भरली तिथून दहा पावले सरकून मशीन सुरू करा. जानेवारी-फेब्रुवारीत गवत वाळलेले असते, तापलेला सायलेन्सर त्यात ठेवला तर वणवा पेटतो. दोन बादल्या पाणी आणि ओले गोणपाट जवळ असू द्या.

आता या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ब्रश कटर बारवेच्या परिसरात वापरा, आत मात्र नेऊ नका. कड्यापासून दहा फुटांवर मशीनची हद्द संपली पाहिजे. तिथून पुढे विळा, कोयता, खुरपे आणि हात. याची कारणे चार आहेत. पायऱ्यांवर उभे राहून दोन पाय एका पातळीवर येत नाहीत, आणि तोल गेला तर मशीनसकट माणूस खाली जातो. चोहोबाजूंनी दगड असल्याने उडालेला खडा भिंतीवर आपटून परत येतो. बेसाल्टच्या चिऱ्यावर पाते बसले तर चिराही जातो आणि पातेही. चौथे कारण डोळ्यांना दिसत नाही. बारव हा खड्डा आहे, तिथे हवा खेळत नाही. पेट्रोलच्या इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणसाला गुदमरल्याचेही कळत नाही. विहिरीत इंजिन चालवताना माणसे गेल्याच्या बातम्या महाराष्ट्राने अनेकदा वाचल्या आहेत. एक बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही पडतो. अशी वेळ येऊच नये, म्हणून इंजिन बारवेबाहेरच राहू द्या.

आतल्या झुडपांना कोयता पुरेसा आहे. पिंपळ-वडाची मुळे चिऱ्यांच्या सांध्यांत शिरलेली असतात. ती ओढून उपटू नका. मूळ ओढले की चिराही सुटतो. रोप बुडाशी कापा, पुन्हा फुटेल तेव्हा पुन्हा कापा, आणि जुने, जाड मूळ असेल तर पुरातत्त्व खात्याचा सल्ला घ्या. बारव कायद्याने संरक्षित स्मारक असेल तर कामालाच परवानगी लागते, ते आधी तपासून घ्या.

सरपंच महोदय, आता तुमच्या खुर्चीशी संबंध असलेला भाग. अपघात झाला तर कोणाचे काय जाते? मराठवाड्यातल्या गावांनी मळणीयंत्रात गेलेले हात पाहिले आहेत. देशभर इतके हात गेले की अखेर संसदेला 1983 मध्ये धोकादायक यंत्रांवर कायदा करावा लागला. मळणीयंत्र चालवणाऱ्याचा विमा उतरवणे आणि अपघात झाल्यास भरपाई देणे मालकावर बंधनकारक झाले. ब्रश कटरसाठी मात्र गावात असे काहीच नसते. मशीन शेतकऱ्याची, पेट्रोल ग्रामपंचायतीचे, चालवणारा रोजंदारीवरचा आणि काम देवाचे. जखम झाली की सगळे एकमेकांकडे बघतात.

राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर 1 लाख. पण ती वहितीधारक खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी आहे. मशीन चालवणारा बहुतेक वेळा भूमिहीन असतो, तो या योजनेत बसत नाही. त्याच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. 18 ते 70 वयाच्या बँक किंवा टपाल खातेदाराला वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूसाठी 2 लाखांचे संरक्षण मिळते. गावातल्या चार-पाच चालकांचा हप्ता भरायला ग्रामपंचायतीला फार तर शंभर रुपये लागतील. चष्मे, मफ आणि बूट यांचे दोन संच घ्यायला थोडे जास्त लागतील. ते संच ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा आणि कुणी शेतासाठी मागितले तर द्या.

प्रशिक्षणासाठी लांब जायला नको. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, तिथे कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. यंत्र शिकवणारी माणसे तुमच्या जिल्ह्यातच आहेत. त्यांना एक दिवस वालूरला बोलवा, विद्यार्थ्यांसह. सेलू तालुक्यातल्या शेजारच्या गावांनाही निमंत्रण द्या. जे वालूरला शिकतील, ते आपापल्या शेताच्या बांधावरही तसेच वागतील.

ग्रामसभेत वाचायला सोपे जावे म्हणून ठरावाचा मसुदा देतो. हवा तसा बदलून घ्या.

1. बारवेच्या परिसरात ब्रश कटर फक्त प्रशिक्षण घेतलेल्या आणि 18 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीनेच चालवायचा. दारू प्यालेल्या माणसाच्या हाती मशीन द्यायची नाही.
2. मशीन चालू असताना 15 मीटरच्या आत कोणीही यायचे नाही. व्हिडिओ काढणाऱ्यांनाही ही अट लागू. मशीनचे काम श्रमदानाच्या आदल्या दिवशी पूर्ण करायचे.
3. कव्हर नसलेली, तार लावलेली, साखळीची किंवा वेल्डिंग केलेल्या पात्याची मशीन बारवेवर आणायची नाही.
4. बारवेच्या कड्यापासून दहा फुटांच्या आत, आणि पायऱ्यांवर किंवा तळाशी, पेट्रोलची कोणतीही मशीन न्यायची नाही.
5. चष्मा, जाळी, मफ आणि बूट घातल्याशिवाय मशीन सुरू करायची नाही. हे साहित्य ग्रामपंचायत पुरवेल.
6. प्रत्येक चालकाचा अपघात विमा ग्रामपंचायत तपासेल, नसेल तर त्याच्या बँकेत सुरू करून देईल.

यातले एकही कलम मोठ्या खर्चाचे नाही, आणि एकही कलम काम थांबवणारे नाही. ठराव झाला की त्याची प्रत बारवेजवळच्या फलकावर लावा. बाहेरून येणारे बारवप्रेमी तो वाचतील, आणि परत जाताना आपल्या गावासाठी उतरवून घेतील.

एक विनंती तरुण मंडळींना. तुम्ही बारव मोकळी केलीत, तेव्हा तुमच्याकडे मशीन नव्हती, तरी काम झाले. आता मशीन आली म्हणून घाई करू नका. शनिवारी मशीन, रविवारी माणसे. 15 मीटर अंतर. पायऱ्यांवर फक्त कोयता. एवढे तीन नियम पाळलेत तर पुढच्या महाशिवरात्रीला बारवेवर जेवढी माणसे दिवे लावायला येतील, तेवढीच सुखरूप घरी जातील.



आपला,
बारवांच्या सफाईला येणारा एक मराठवाडकर